झडप घालणारी झडप: पाण्यातल्या मांसाहारी वनस्पती शिकार कशी करतात

डबक्याच्या किंवा तळ्याच्या संथ पाण्यात कधी कधी हिरव्या दोऱ्यांचा गुंता तरंगताना दिसतो. शेवाळ समजून आपण पुढे जातो. पण तो गुंता युट्रिक्युलारिया नावाच्या वनस्पतीचा असेल आणि अलगद उचलून कानाजवळ धरला, तर आतून बारीक तडतड ऐकू येते. इवली इवली दारं एकामागून एक उघडून मिटल्याचा तो आवाज असतो. प्रत्येक दारामागे एक थैली आहे, आणि पाण्याबाहेर आल्यामुळे ती हवेचा घोट घेते आहे. पाण्यात असताना ती पाण्याचाच घोट घेते. त्या घोटात जो कोणी पोहत असेल, तो पुन्हा बाहेर येत नाही.

मराठीत झडप या शब्दाला दोन अर्थ आहेत. एकाच दिशेला उघडणारं दार ही एक झडप, आणि भक्ष्यावर अचानक घातलेली झेप ही दुसरी. या वनस्पतीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण तिचं दार हीच तिची झेप आहे. ही झेप इतकी वेगवान आहे, की पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात ते दार शंभराहून अधिक वेळा उघडू शकेल.

वनस्पतीला स्नायू नसतात, मज्जातंतू नसतात, मेंदू नसतो. मग हा वेग येतो कुठून? या प्रश्नाचं उत्तर मला आजही पहिल्यांदा कळलं तेव्हाइतकंच विलक्षण वाटतं. ही वनस्पती सगळं काम अगदी सावकाश करते. पाव तास, तासभर खपून ती ताकद साठवते आणि दाराशी रोखून धरते. धनुष्याची दोरी आपण हळूहळू ओढतो, बाण मात्र क्षणात सुटतो. या लेखातली पहिली शिकारीण म्हणजे असं कायम ताणून ठेवलेलं धनुष्य आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मांसाहारी वनस्पती म्हटलं की वाटतं, ती प्राणी खाऊन जगते. तसं नाही. इतर हिरव्या झाडांसारखीच ती सूर्यप्रकाशात स्वतःची साखर बनवते आणि तिचं पोट त्यावरच भरतं. शिकारीतून तिला मिळतं ते खत, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि आणखी काही खनिजं. या वनस्पती ज्या पाण्यात वाढतात तिथे ही द्रव्यं फार कमी असतात. दलदली, पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर साठलेली पाणथळ, गढूळपणा नसलेली उथळ तळी ही त्यांची आवडती ठिकाणं. त्यातून पाण्यात राहणाऱ्या या मांसाहारी वनस्पतींना मुळं नसतातच. चिखलात पाय रोवून तिथलं खत ओढून घ्यायची सोय नाही. जे मिळवायचं ते अंगावरून वाहणाऱ्या पाण्यातून, आणि त्या पाण्यात खनिजांचा सगळ्यात दाट साठा कुठे असेल तर तो तिथे पोहणाऱ्या जिवांच्या शरीरात.

युट्रिक्युलारियाच्या सुमारे 240 जाती जगभर सापडतात. त्यातल्या बहुतेक ओल्या मातीत वाढतात, काही झाडांच्या शेवाळलेल्या सालीवर, आणि साधारण पाचवा हिस्सा खऱ्या अर्थाने पाण्यात. ओल्या मातीवर उगवणाऱ्या त्यांच्या काही बहिणींना मराठीत ‘सीतेची आसवं’ असं सुरेख नाव आहे. फुलं बघून ते नाव पडलं असणार. मातीखाली काय चाललंय ते नाव देणाऱ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. लॅटिनमधलं शास्त्रीय नाव मात्र थैलीवरूनच आलंय. उट्रिक्युलस म्हणजे लहानशी चामड्याची पिशवी, आपल्याकडच्या जुन्या शब्दात बुधली.

बुधलीत काय आहे

बहुतेक जातींमध्ये ही थैली एक ते पाच मिलिमीटरची असते. काहींमध्ये ती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढीच, तर दक्षिण अमेरिकेतल्या युट्रिक्युलारिया हम्बोल्टी या जातीत एक सेंटिमीटरहून थोडी मोठी. थैलीचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, दोन्ही बाजूंनी चपटा. तिची भिंत फक्त दोन पेशींच्या थरांची आणि जवळजवळ पारदर्शक असते. त्यामुळे साध्या भिंगातूनही आत अडकलेला काळा ठिपका दिसतो, आणि कधी तो ठिपका हलतानाही दिसतो.

थैलीच्या एका टोकाला तोंड असतं. तोंडाच्या वरच्या कडेला बिजागरी लावावी तशी एक पातळ, लवचीक झडप टांगलेली असते. तिची खालची मोकळी कड एका जाडसर, गादीसारख्या उंबरठ्यावर टेकते. ही फट बंद राहावी म्हणून तिथे एक नाजूक पडदा आणि चिकट द्रव असतो, म्हणजे पाण्याचा थेंबही आत झिरपू नये. झडपेच्या बाहेरच्या अंगावर, खालच्या कडेजवळ, काही ताठ केस असतात, बहुधा चार. बंदुकीच्या चापाचं जे काम, तेच या केसांचं. तोंडाभोवती आणखी काही लांब, फांद्या फुटलेले केस असतात. पाण्यातला एखादा जीव त्यांच्या कडेकडेने चरत, चाचपडत येतो आणि नेमका झडपेसमोर पोचतो.

आता हा सापळा ताणला कसा जातो ते पाहू. थैलीच्या आतल्या बाजूला आणि उंबरठ्यावर सूक्ष्म ग्रंथी असतात. त्या थैलीतलं पाणी सतत बाहेर उपसतात. त्यासाठी वनस्पतीला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागते. श्वसन बंद पाडणारं रसायन दिलं तर हा उपसाही थांबतो. आतलं पाणी कमी होत जातं, पण दार घट्ट बंद असल्यामुळे बाहेरचं पाणी आत येऊ शकत नाही. मग भिंतींना आत ओढलं जाण्यावाचून गत्यंतर नसतं. फुगलेली मसूर हळूहळू खपाटीला जाते. थैलीच्या आकारानुसार तिच्यातलं 40 टक्क्यांपर्यंत पाणी बाहेर पडतं, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 15 किलोपास्कलने कमी होतो. दीड मीटर खोल पाण्यात बुडी मारली की कानांवर जो जादा दाब जाणवतो, तेवढा हा फरक. मिलिमीटरभर पिशवीसाठी तो फार मोठा आहे.

ड्रॉपरचा रबरी फुगा आठवा. तो बोटांनी दाबून धरायचा, टोक पाण्यात बुडवायचं आणि बोटं सोडायची. फुगा आपल्या मूळ आकारात येताना पाणी आत ओढतो. युट्रिक्युलारियाची थैली म्हणजे असा दाबून धरलेला फुगाच. फरक इतकाच, की तिला बाहेरून कोणी दाबत नाही. ती आतून पाणी उपसून स्वतःलाच दाबून धरते. आत वाकलेल्या त्या भिंती म्हणजे वाकवलेली स्प्रिंग. सगळी ताकद तिथे साठलेली आहे आणि तिला अडवून धरलंय ते एका नाजूक झडपेने.

इतका दाब एवढी पातळ झडप कशी पेलते? त्यामागे तिचा आकार आहे. ताणलेल्या स्थितीत झडप बाहेरच्या बाजूला फुगीर असते, घुमटासारखी. बाहेरचं पाणी तिला दाबतं, पण घुमटाची कमान तो दाब कडांवर वाटून देते. कमानीची ताकद दगडी पुलांमध्ये आपण पाहतोच. मात्र अशा लवचीक घुमटात एक कमजोरीही असते. योग्य जागी थोडंसं डिवचलं, की त्याचा बाक एकदम उलटतो. वाऱ्याच्या झोताने छत्री जशी फट्कन उलटी होते, तसाच. एखादी पाणपिसू, म्हणजे पाण्यातला इवला कवचधारी जीव, झडपेवरच्या केसाला धक्का देते. केस तरफेसारखा वाकतो, झडपेवर बारीकशी सुरकुती उमटते, आणि बाहेर फुगलेली झडप क्षणात आत फुगते. आत फुगलेल्या झडपेला दाब पेलता येत नाही. ती सरळ आत झुलते आणि दार सताड उघडतं.

पुढचं काम भिंती करतात. त्या मोकळ्या होऊन पुन्हा बाहेर फुगतात आणि तोंडातून पाण्याचा लोंढा आत घुसतो. 2011 साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. झडप उघडायला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, पुरतो. आत शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत जातो. पाण्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या जिवाला गुरुत्वाकर्षणाच्या 600 पटीपर्यंत प्रवेग सोसावा लागतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकांना नऊ पटीला शुद्ध टिकवणं कठीण जातं, यावरून त्या आकड्याचा अंदाज यावा. आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की झडप आपल्या लवचीकपणाने परत जागेवर येते आणि दार बंद होतं. आदळणं, ओढणं, मिटणं हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपलेलं असतं.

इतका वेग लागतो तरी कशाला? पाण्यातले छोटे कवचधारी जीव काही गाफील नसतात. त्यांच्या अंगावरचे केस पाण्यातली बारीकशी हालचालही टिपतात आणि काही मिलिसेकंदांत ते उडी मारून निसटतात. सापळ्याला त्यांच्याआधी पोचावं लागतं. दुसरं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. मिलिमीटरहून लहान जगात पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ राहत नाही. तिथे सावकाश हालचाल करायची म्हणजे दाट पाकातून हात फिरवण्यासारखं. ओढ जोरदार आणि एकदम असेल तरच अशा अरुंद तोंडातून पाणी वेगाने आत येऊ शकतं. शिवाय ओढून घेणं हे फुंकण्यापेक्षा फार आखूड पल्ल्याचं काम आहे. मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण तेवढ्या अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवता येत नाही. तोंडाच्या रुंदीपेक्षा थोडं लांब गेलं की ओढ झपाट्याने क्षीण होते. म्हणून भक्ष्याने दाराला खेटून उभं असणं गरजेचं आहे, आणि चाप दारावरच असण्यामागेही हेच कारण आहे. केस हलला याचा अर्थच भक्ष्य पल्ल्यात आहे.

घोट घेऊन झाला की ग्रंथी लगेच पुन्हा उपसायला लागतात. पंधरा मिनिटांपासून तासाभरात थैली परत ताणून तयार. आधीचं भक्ष्य आत असतानाच ती पुढचं पकडू शकते. डासाची लांब अळी कधी शेपटीच्या टोकाने अडकते आणि पूर्ण आत मावत नाही. झडप तिच्या अंगाभोवती मिटते, आत पुन्हा दाब कमी होतो, अळीच्या वळवळीने झडप परत सुटते आणि ती थोडी आणखी आत जाते. असं टप्प्याटप्प्याने ती गिळली जाते. 1884 साली ऑक्सफर्डमध्ये माशांची नुकती जन्मलेली पिल्लंही या थैल्यांत अडकलेली दिसली होती. नेहमीचं भक्ष्य मात्र बरंच लहान असतं: पाणपिसवा, कोपेपॉड आणि रोटिफर यांसारखे सूक्ष्म जलचर, एकपेशीय जीव.

एक गोष्ट संशोधकांना सुरुवातीला बुचकळ्यात टाकून गेली. कोणीही केसाला हात लावलेला नसताना काही थैल्या आपोआप सुटतात. आतलं पाणी उपसलं जातच राहतं, दाब आणखी उतरतो, आणि एका मर्यादेपलीकडे झडपेचा घुमट स्वतःच उलटतो. काही थैल्या हे काही तासांच्या अंतराने अगदी नेमाने करतात, काही लहरीप्रमाणे. या रिकाम्या घोटांबरोबर ताजं पाणी आणि त्यातले जिवाणू, शैवाल आत येतं. ज्या थैलीत कोणी मोठा पाहुणा आला नाही, तिथेही थोडीफार आवक चालू राहते.

आत गेल्यावर

थैलीत शिरलेल्या प्राण्याचा शेवट बहुधा गुदमरून होतो. चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोन इथे लुबोमिर आदामेक यांनी वर्षानुवर्षं या वनस्पतींचा अभ्यास केला आहे. अत्यंत बारीक संवेदक थैलीत घालून त्यांनी मोजलं, तेव्हा आत ऑक्सिजन जवळजवळ शून्य निघाला. घोटाबरोबर थोडा ऑक्सिजन येतो, पण थैलीच्या भिंतीतल्या पेशी श्वसनासाठी तो लवकरच संपवून टाकतात. मग आतल्या चार हातांच्या ताऱ्यासारख्या ग्रंथींतून एन्झाइम, म्हणजे पचन घडवणारे रस, स्रवतात. मऊ भाग विरघळतात आणि त्यातलं नायट्रोजन, फॉस्फरस वनस्पती शोषून घेते. कवच मात्र तसंच मागे राहतं. जुन्या थैल्या अशा रिकाम्या कवचांनी काळवंडलेल्या दिसतात.

ऑक्सिजनविना जगू शकणारे जीव मात्र मरत नाहीत, तिथे मुक्काम ठोकतात. कितीतरी थैल्यांमध्ये जिवाणू आणि शैवालाची जिवंत वस्ती असते. ही वस्ती पोसण्यासाठी वनस्पती आपण बनवलेल्या साखरेचा काही भाग थैलीत सोडते. बदल्यात हे सूक्ष्मजीव भक्ष्याचे अवशेष कुजवतात, आणि त्यातून सुटणारी खनिजं वनस्पतीच्या वाट्याला येतात. त्यामुळे या थैलीला नुसतं पोट म्हणणं मला अपुरं वाटतं. ते पोट आहे आणि खतखड्डाही आहे.

हे सगळं उलगडायला बराच काळ लागला. चार्ल्स डार्विन यांनी 1875 साली मांसाहारी वनस्पतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात युट्रिक्युलारियावरही सविस्तर लिहिलं. झडप स्पर्शाने उघडते का हे पाहायला त्यांनी ती सुईने खरवडली, बारीक कुंचल्याने डिवचली. झडप हलली नाही. मग त्यांनी निष्कर्ष काढला, की प्राणी स्वतःच डोकं घुसवून आत शिरतात आणि अडकतात. थैलीत त्यांनी मांसाचे आणि अंड्यातल्या पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे ठेवूनही पाहिले. ते पचले नाहीत, तेव्हा ही वनस्पती पचवत नाही, कुजलेलं शोषते, असं त्यांचं मत झालं. आज आपल्याला माहीत आहे, की पचन आणि कुजणं ही दोन्ही कामं तिथे चालतात. म्हणजे त्या मतात निम्मं तथ्य होतं.

त्याच काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये मेरी ट्रीट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास हेच बघत होत्या. विद्यापीठाचं पद नाही, प्रयोगशाळा नाही, स्वतःच्या घरात चाललेलं निरीक्षण. प्राणी झडपेपाशी येतो आणि क्षणात आत ओढला जातो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आणि 1875 मध्येच लिहून प्रसिद्ध केलं. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि या बाबतीत इतर कोणत्याही निरीक्षकापेक्षा त्यांना अधिक यश आलं, असं डार्विन यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने नोंदवलं. थैली पाणी शोषून ओढते हे 1911 साली स्वित्झर्लंडच्या फ्रँक ब्रोशे यांनी दाखवलं. प्रत्यक्ष झडपेचा बाक उलटताना पाहायला मात्र त्यानंतर आणखी शंभर वर्षं जावी लागली, कारण त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रं घेणारे कॅमेरे लागतात.

इतकं गुंतागुंतीचं यंत्र एखाद्या वनस्पतीने बनवलं कशातून? पानातून. थैली म्हणजे एक बदललेलं पान आहे. पानाला वरची आणि खालची अशी दोन अंगं असतात, आणि कुठलं अंग कुठे यायचं हे काही जनुकं ठरवतात. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी 2020 साली युट्रिक्युलारिया गिब्बा या जातीत दाखवलं, की वाढणाऱ्या कोंबात वरच्या अंगाची जनुकं लहानशा भागापुरतीच चालू राहिली की पान सपाट वाढायच्या ऐवजी पोकळ पेल्यासारखं होतं. थैलीची आतली बाजू म्हणजे पानाची वरची बाजू. याच जातीचा संपूर्ण जनुकसंच 2013 साली वाचला गेला. तो डीएनएच्या जेमतेम 8.2 कोटी अक्षरांचा निघाला. माणसाचा सुमारे 300 कोटी अक्षरांचा आहे. तरी तिच्यात साधारण 28,500 जनुकं आहेत, म्हणजे माणसापेक्षाही जास्त. फापटपसारा जवळजवळ सगळा काढून टाकलेला.

दुसरी रीत: मिटणारा शिंपला

पाण्यातली दुसरी शिकारीण अगदी वेगळ्या घराण्यातली. आल्ड्रोव्हांडा व्हेसिक्युलोझा ही दवबिंदू म्हणजे ड्रोसेराच्या कुळातली, आणि जमिनीवर कीटक पकडणाऱ्या प्रसिद्ध व्हीनस फ्लायट्रॅपची जवळची नातलग. तिची सगळ्यात जुनी नोंद 1696 सालची आहे, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ लेनर्ड प्लुकेनेट यांनी भारतातून आलेल्या नमुन्यांवरून केलेली. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या मोंटी यांनी तिला उलिसे आल्ड्रोव्हांडी या निसर्ग अभ्यासकाचं नाव दिलं. ही वनस्पती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आडवी तरंगते. खोडाभोवती पाच ते नऊ पानांची चक्रं ओळीने असतात, म्हणून इंग्रजीत तिला पाणचक्की असं नाव पडलंय. प्रत्येक पानाच्या देठात हवेचे कप्पे असतात, त्यामुळे ती तरंगते, आणि देठाच्या टोकाला काही मिलिमीटरचा दोन शिंपल्यांचा सापळा असतो.

शिंपल्यांच्या आतल्या बाजूला डझनावारी संवेदनशील केस असतात. पाणपिसू त्यातल्या एखाद्याला धडकली, की केसाच्या बुडाशी विजेचा सूक्ष्म संकेत उमटतो आणि पेशींमधून पसरतो. व्हीनस फ्लायट्रॅपला मिटण्यासाठी थोड्या अवधीत दोन स्पर्श लागतात. पावसाच्या एखाद्या थेंबाने फसू नये म्हणून ही काळजी. आल्ड्रोव्हांडाला पाण्याखाली पावसाची धास्ती नाही, तिला बहुधा एकच स्पर्श पुरतो. संकेत पोचताच मधल्या शिरेजवळच्या पेशी आपल्यातलं पाणी सोडतात आणि सैल पडतात. मधली शीर थोडीशी वाकते, आणि त्या छोट्याशा वाकण्याने दोन्ही शिंपले मोठ्या कोनातून फिरून एकमेकांवर येतात. दाराच्या बिजागरीपाशी बोटभर हलवलं की दाराची दुसरी कड हातभर फिरते, तसं. साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या ते दहाव्या भागात सापळा बंद. युट्रिक्युलारियाच्या मानाने हे मंद आहे, पण जमिनीवरच्या नातलगापेक्षा ही कितीतरी पट चपळ ठरू शकते.

मिटण्याची ही पहिली पायरी. भक्ष्य आत धडपडत राहिलं तर शिंपले पुढचा अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ हळूहळू आवळत जातात, कडा एकमेकांना चिकटतात, आतलं पाणी पिळून बाहेर निघतं, आणि मधे एक बंद पोट तयार होतं. पचनाला काही दिवस लागतात. झालं की सापळा पुन्हा उघडतो.

डार्विन यांनी या वनस्पतीला पाण्यातली चिमुकली फ्लायट्रॅप म्हटलं होतं. वर्णन चपखल आहे, तरी दोघींची यंत्रणा एक नाही. फ्लायट्रॅपचे शिंपले स्वतःचा बाक उलटवतात, आल्ड्रोव्हांडाचे उलटवत नाहीत, ते शिरेबरोबर फिरतात. बाक उलटण्याची करामत फ्लायट्रॅपमध्ये आणि दूरचं नातंही नसलेल्या युट्रिक्युलारियाच्या झडपेत सापडावी, आणि जवळच्या बहिणीत मात्र नाही, हे मला उत्क्रांतीबद्दल बरंच काही सांगून जातं. नातं शरीराचा कच्चा माल देतं, पण त्यातून उपाय कुठला निघेल हे जागा आणि भक्ष्य ठरवतात.

आल्ड्रोव्हांडाची आजची स्थिती काळजीची आहे. जीवाश्म बियांवरून दिसतं, की एके काळी या प्रजातीत अनेक जाती होत्या. आता एकच उरली आहे. युरोप, आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी ती विखुरलेली होती, आता कितीतरी देशांतून नाहीशी झाली आहे. तिला स्वच्छ, उथळ, खनिजं कमी असलेलं, उबदार पाणी लागतं. शेतातून वाहून आलेलं खत अशा पाण्यात मिसळलं की शैवाल माजतं, सावली पडते, आणि जी वनस्पती खताच्या टंचाईवर मात करायला शिकली होती ती खताच्या मुबलकतेपुढे हरते. हे मनाला लागतं.

तिसऱ्या एका वनस्पतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, जरी ती पूर्णपणे पाण्यातली नाही. आफ्रिका आणि अमेरिकेच्या उष्ण भागात, पाण्याने चिंब झालेल्या वाळूत जेनलिसिया वाढते. ती युट्रिक्युलारियाच्याच कुळातली. तिचा सापळा हलत नाहीच. जमिनीखाली तिची रंगहीन पानं उलट्या वाय अक्षरासारखी पसरतात. दोन्ही फाटे स्क्रूसारखे पिळलेले असतात, त्या पिळात बारीक फटी असतात, आणि आत ओळीने केस असतात, सगळ्यांचं टोक आतल्या दिशेला. एकपेशीय जीव फटीतून आत शिरतो. पुढे जाता येतं, मागे वळता येत नाही. मासे पकडायच्या निमुळत्या टोपलीचं हेच तत्त्व. तो केसांच्या ओळी ओलांडत जातो आणि शेवटी वरच्या फुगीर कोठडीत पोचतो, जिथे त्याचं पचन होतं. डार्विन यांनी ती मांसाहारी असावी असं ताडलं होतं, पण ठोस पुरावा मिळाला तो 1998 मध्ये.

सापळे बाळगणं स्वस्त नसतं. युट्रिक्युलारियाच्या शरीराचा कधी कधी निम्मा भाग थैल्यांचाच असतो. त्यांच्यात हिरवा रंग पानांपेक्षा कमी, त्यामुळे साखर कमी बनते, आणि उपशासाठी श्वसन मात्र सतत चालू. म्हणून पाण्यात खनिजं पुरेशी मिळाली तर ही वनस्पती थैल्या कमी करते. टंचाई वाढली की थैल्या वाढतात.

ती वाढतेही एका टोकाने आणि मरतेही एका टोकाने. शेंड्याला नवी पानं, नव्या थैल्या येत राहतात, तेव्हा मागचं जुनं टोक कुजत जातं. कुजण्याआधी तिथलं बरंचसं नायट्रोजन आणि फॉस्फरस काढून शेंड्याकडे पाठवलं जातं. एवढ्या खटपटीने मिळवलेलं असं सोडून देता येत नाही. थंड प्रदेशात हिवाळा जवळ आला, की शेंड्याची पानं आखडून एकमेकांवर घट्ट बसतात आणि पिष्टाने भरलेली एक कठीण कळी बनते. बाकीचं शरीर कुजून जातं. कळी तळाच्या चिखलात, बर्फाखाली महिने काढते. पाणी तापायला लागलं की ती वर तरंगत येते, पानं उलगडतात, आणि त्यांच्यावरच्या इवल्या थैल्या पहिल्यांदा पाणी उपसायला लागतात.